सीझन सरताना आयोनियन समुद्रात: शिडाच्या बोटीचा आठवडा कसा आखायचा

केफालोनिया बेटावरच्या फिस्कार्दोच्या धक्क्याला ऑगस्टमध्ये दुपारी दोननंतर बोट लावायला जागा शोधणं म्हणजे गणपतीच्या आदल्या संध्याकाळी दादरला गाडी लावायला जागा शोधणं. तोच धक्का सप्टेंबरच्या शेवटी चार वाजताही बराच मोकळा मिळतो. पाणी अजून 24-25 अंशांवर असतं, कारण समुद्र उन्हाळ्याची ऊब जमिनीइतक्या चटकन सोडत नाही. बोटीचं भाडं उतरलेलं असतं, ऑक्टोबरात तर कित्येकदा ऑगस्टच्या निम्म्याच्या आसपास. आणि टॅव्हर्नावाल्याला, म्हणजे खानावळवाल्याला, तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

ही चैन फुकट नाही. उन्हाळाभर शहाण्यासारखा वागणारा वारा याच दिवसांत लहरी होतो आणि दिवस रोज दोन-अडीच मिनिटांनी आखडत जातो. म्हणून उन्हाळ्यात चालून जाणारी आखणी, म्हणजे सात दिवस, सात बंदरं, सगळं आधीच ठरलेलं, इथे अंगाशी येते. सीझनच्या शेपटाला ठरवायचं ते इतकंच: उद्याच्या वाऱ्याला आज रात्री कुठे पाठ देऊन बसायचं, आणि ती जागा नाही मिळाली तर दुसरी कोणती. बाकी सगळं त्यामागून येतं.

थोडंफार शीड हाताळलेल्या, पण भूमध्य समुद्रात स्वतः बोट घेऊन न गेलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. पुढचं सगळं ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याचं, म्हणजे लेफकादा, मेगानिसी, इथाका आणि केफालोनिया या बेटांच्या पट्ट्याचं आहे.

हाच पट्टा का, आणि कोणता आठवडा

ग्रीसच्या पूर्वेला, एजियन समुद्रात, उन्हाळाभर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस 25-30 नॉटने (ताशी तितके सागरी मैल) झोडपत असतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर तो निवळतो, तरी तिथली बेटं लांब लांब आहेत आणि अडकलात तर दोन दिवस हलता येत नाही. आयोनियन बाजूला बेटं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. एका मुक्कामाहून दुसरा बहुतेक 10-15 सागरी मैलांच्या आत. ताशी पाच मैल धरले तर तीन तासांचं काम.

इथला नेहमीचा वारा म्हणजे माइस्त्रो. दुपारी एकच्या सुमारास वायव्येकडून सुरू होतो, चारेक वाजता भरात येतो, सूर्य मावळला की गपगार. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याची सवय असलेल्याला हे वेळापत्रक समजावून सांगावं लागत नाही. हा काही आजकालचा पाहुणाही नव्हे. लेफकादाच्या जरा उत्तरेला आक्टियमची लढाई झाली, इसवी सनपूर्व 31 मध्ये, 2 सप्टेंबरला. तिथून क्लिओपात्राची गलबतं शिडं उभारून निसटली ती अशाच दुपारच्या वाऱ्यावर.

माझं मत विचाराल तर 15 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर हा सोन्याचा काळ. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा अजूनही बरा. त्यानंतर मात्र जुगार: एखादा आठवडा काचेसारखा लख्ख, तर पुढचा पूर्ण पावसात. शिवाय लहान गावांतल्या खानावळी ऑक्टोबरच्या मध्यापासून एकेक करत बंद होऊ लागतात आणि महिनाअखेरीला लेफकादाजवळच्या प्रेव्हेझाच्या विमानतळावरची परदेशी हंगामी विमानंही थांबतात.

कागद

बोट नुसती, स्किपरशिवाय, म्हणजे बेअरबोट, घ्यायची तर ज्याच्या नावावर ती घेणार त्याच्याकडे ग्रीक बंदर-पोलिसांना चालणारं प्रमाणपत्र हवं आणि बोटीवर आणखी एक जाणकार माणूस हवा. ब्रिटनमधले मराठी लोक बहुधा तिथल्या आरवायए या संस्थेचं डे स्किपर प्रमाणपत्र आणि आयसीसी हा आंतरराष्ट्रीय दाखला घेऊन येतात, अमेरिकेतले तिथल्या एएसए या संस्थेचं आयपीसी. तुमच्याकडे जे असेल त्याची प्रत बुकिंगची रक्कम भरण्याआधी कंपनीला पाठवा आणि ‘चालेल’ असं लेखी घ्या. फोनवरचं ‘नो प्रॉब्लेम’ धक्क्यावर उपयोगी पडत नाही.

प्रमाणपत्र नसेल तर दोन वाटा आहेत. एक, स्थानिक स्किपर घेणं. तो रोजच्या पैशावर येतो, त्याचं जेवण आणि झोपायची जागा तुमच्याकडे. दुसरी, फ्लोटिला: दहा-बारा बोटींचा ताफा, पुढे एक म्होरक्या बोट, संध्याकाळी धक्क्यावर दोर धरायला त्यांचा माणूस. काही जणांना ही शाळेची सहल वाटते. पहिल्या वेळी मात्र ती जरूर करावी. फक्त फ्लोटिलातही सुकाणूवरच्या माणसाला प्रमाणपत्र लागतंच, हे आधी विचारून घ्या.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि विमा किमान 30,000 युरोंचा हवा. उत्तरेला कोर्फूपासून अल्बानिया अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो आणि मोह होतो. पण अल्बानिया शेंगेनमध्ये नाही. तिकडे जाऊन परत यायचं तर एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा आणि बोट देशाबाहेर नेण्याची कंपनीची परवानगीही हवी. एका आठवड्यासाठी या भानगडीत पडू नका.

बोट ताब्यात घेताना

बोटी शनिवारी संध्याकाळी मिळतात. मे महिन्यापासून दर शनिवारी या बोटीवर नवी मंडळी चढलीत, हे डोक्यात ठेवून तपासणी करा. एप्रिलमध्ये नवी कोरी दिसणारी बोट सप्टेंबरअखेर थकलेली असते. तपासून देणारा पोरगाही थकलेला असतो. तो वीस मिनिटांत उरकू पाहील, तुम्ही दीड तास घ्या.

सगळ्यात आधी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जा. नांगर आणि विंडलास, म्हणजे साखळी ओढणारं यंत्र. साखळी दहा-पंधरा मीटर सोडून परत घ्या, विंडलास कण्हतोय का ऐका. साखळी एकूण किती मीटर आहे ते विचारा आणि दर दहा मीटरला लावलेल्या रंगीत खुणा शिल्लक आहेत का बघा. सीझनअखेर बहुतेक झिजून गेलेल्या असतात. मी पुण्याहून रंगीत केबल-टायचं पाकीट घेऊन जातो. पन्नास रुपयांचा माल, पण आठवडाभर अंदाजपंचे साखळी सोडावी लागत नाही.

मग शिडं पूर्ण उघडून बघा, शिवण कुठे उसवली आहे का. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, डोलकाठीच्या आत गुंडाळलं जाणारं असेल तर ते दोनदा आत-बाहेर करा. ताणून ताणून शिडाचं कापड पोटाशी सैल पडलेलं असतं आणि ते तोंडाशीच अडकतं. हे धक्क्यावर कळलेलं बरं, 25 नॉटमध्ये नको. बॅटऱ्या: फ्रिज आणि दिवे तासभर लावून व्होल्टेज पाहा, 12.2 च्या खाली घसरत असेल तर बॅटरी बदलून मागा. बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाची पोकळी, कोरडा आहे ना, इंजिनाच्या एक्झॉस्टमधून पाणी फेकलं जातंय ना, संडासाचा पंप आणि टाकीचा व्हॉल्व्ह नीट चालतो ना. लाइफजॅकेट प्रत्येकाने अंगावर घालून पट्टे आपापल्या मापाचे करून ठेवायचे. प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. डिपॉझिट दोन-तीन हजार युरोंचं असतं.

पहिल्याच संध्याकाळी निघायची घाई नको. बाजारहाट करा, धक्क्यावरच झोपा.

वारा वाचणं

दिवसातून दोनदा हवामान बघायचं: सकाळी चहाबरोबर आणि संध्याकाळी नांगर टाकल्यावर. ग्रीक हवामान खात्याचा सागरी अंदाज, पोसायडन नावाची ग्रीक प्रणाली, आणि विंडी या ॲपवर हवामानाची निदान दोन वेगळी मॉडेलं. दोन मॉडेलं जुळत असतील तर निश्चिंत. फारकत घेत असतील तर वाईट तेच खरं मानायचं. व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16 वर चालू ठेवा, इशारे तिथूनच पुकारले जातात.

उन्हाळ्यातली सगळी बंदरं वायव्येचा वारा गृहीत धरून ‘चांगली’ ठरलेली असतात. शरद ऋतूत पश्चिमेकडून कमी दाबाचा पट्टा सरकत आला की वारा आधी दक्षिणेचा होतो, ढग आणि दमट हवा घेऊन, आणि पट्टा पुढे गेला की झटक्यात वायव्येला फिरतो. जुलैत सुखाने झोपलेली दक्षिणमुखी खाडी त्या रात्री पाळणा होते. तेव्हा नकाशावर प्रत्येक मुक्कामापुढे एकच गोष्ट लिहून ठेवा: ही जागा कोणत्या दिशेला उघडी आहे.

दुसरं म्हणजे गडगडाटी वादळं. ती अंदाजात नीट सापडत नाहीत. दुपारी वारा अचानक मेला, हवा जड झाली, डोंगरामागे कोबीसारखा ढग वर चढतोय आणि त्याचा तळ काळा आहे, असं दिसलं की शीड आखडायला वेळ काढू नका, पूर्ण उतरवा आणि इंजिन चालू करा. गार वाऱ्याची पहिली झुळूक तोंडावर आली म्हणजे तुमच्याकडे उरलेली मिनिटं मोजकीच आहेत. वीस मिनिटांत चाळीस नॉट आणि नंतर पुन्हा ऊन, असा हा खेळ.

सप्टेंबर 2020 मधलं इयानोस आठवा. भूमध्यात क्वचित तयार होणारं, चक्रीवादळासारखं रूप असलेलं हे वादळ 17-18 तारखेला केफालोनिया, इथाका आणि झाकिंथोसवर आदळलं. बोटी बंदरांतच बुडाल्या, धक्क्यांवर फेकल्या गेल्या. पण अशी वादळं दोन-तीन दिवस आधी दिसतात. दिसलं की बेत विसरायचा, कंपनीला फोन करायचा आणि ती सांगेल त्या बंदरात जाऊन बसायचं. फसवतात ती लहान वादळं. लेफकादावरच्या नीद्रीजवळची व्लिखो खाडी चारही बाजूंनी बंद, तळ चिखलाचा, नांगर छान धरणारा, तरी सप्टेंबर 2011 मध्ये एका झंझावाताने तिथे नांगरलेल्या बोटी उचलून एकमेकींवर घातल्या. सुरक्षित खाडीतही शेजारच्या बोटीपासून अंतर राखायचं ते यासाठी.

शीड कधी आखडायचं? हाताखाली नवखे असतील तर वारा 15 नॉटला गेला की पहिली रीफ, म्हणजे शीड एक टप्पा लहान. सरावलेले असतील तर 18-20. ‘आखडू का?’ हा प्रश्न मनात आला तेव्हाच उत्तर मिळालेलं असतं.

आणि उजेड. जुलैत इथे नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सव्वासातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की पावणेसहाच्या आतच. नांगर टाकून, तो धरलाय याची खात्री करून, जमलं नाही तर दुसरीकडे जाण्याइतका उजेड हाताशी हवा. म्हणजे चारपर्यंत मुक्कामी. त्यासाठी सकाळी नऊला निघा. वारा नसेल तर इंजिनावर निघा आणि दुपारी वाऱ्याने यायचंच असेल तर वाटेत पोहा.

नांगर, साखळी, आणि रात्री दोन वाजता

भूमध्यात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. मुंबईच्या चार-साडेचार मीटरच्या उधाणाची सवय असेल तर हे स्वर्गसुख वाटतं: दोर बांधले की बांधले, रात्री उठून सैल करायची गरज नाही. बोयांचे रंगही आपल्यासारखेच, बंदरात शिरताना लाल डावीकडे. नवी आहे ती धक्क्याला उलटी बोट लावायची पद्धत, आणि माणसं तिलाच घाबरतात.

आधी धक्क्यासमोरून एक फेरी मारा. कुठे जागा आहे, वारा कुठून येतो, शेजारच्या बोटींच्या साखळ्या कोणत्या दिशेने पाण्यात गेल्यात. मग लांब जाऊन सगळी तयारी: दोन्ही कुशींना फेंडर (धक्का झेलणाऱ्या फुगीर उशा), मागे दोन, पाठीमागचे दोन्ही दोर क्लीटला (दोर बांधायच्या खुंटाला) बांधून रेलिंगच्या बाहेरून वर घेतलेले. हे रेलिंगच्या बाहेरून आणणं दर वेळी कुणीतरी विसरतंच. एक माणूस विंडलासवर, दोघं मागे. धक्क्यापासून बोटीच्या चार लांब्या अंतरावर, हव्या त्या जागेच्या अगदी समोर, पाठ धक्क्याकडे करा आणि रिव्हर्स टाका. बोट मागे सरकू लागली की मगच नांगर. आधी टाकला तर साखळीचा ढीग तळाशी पडतो आणि वारा नाळ ढकलून देतो. आता साखळी बोटीच्या वेगाने सुटत राहिली पाहिजे. दोन लांब्या उरल्या की विंडलासवाल्याने क्षणभर थांबवायचं. नाळ हलकेच खाली झुकली, म्हणजे नांगराने धरलं. मग उरलेलं अंतर सावकाश. वाऱ्याच्या बाजूचा दोर पहिला बांधायचा, दुसरा निवांत. शेवटी साखळी ताणून बोट धक्क्यापासून दीडेक मीटर पुढे ओढून ठेवायची, कारण रात्री फेरी बोटीची लाट येते आणि सुकाणू दगडावर बसतं.

बिघडलं तर? बाहेर पडा, नांगर उचला, परत या. तिसऱ्या प्रयत्नातही कुणी हसत नाही. बाकीच्यांचंही काल असंच झालेलं असतं.

खाडीत मोकळा नांगर टाकताना तळ बघा. फिकट हिरवं-निळं पाणी म्हणजे वाळू. गडद डाग म्हणजे पोसिडोनिया गवत. त्यात नांगर रुतल्यासारखा वाटतो पण रुतत नाही, शिवाय ते गवत उपटणं समुद्राच्याही मुळावर येतं. हिशोब सोपा: पाण्याची खोली आणि नाळेची उंची मिळून सात मीटर असेल तर पाचपटीने 35 मीटर साखळी, वारा येणार असेल तर 50. मग रिव्हर्समध्ये 2000 आरपीएमपर्यंत हळूहळू नेऊन अर्धा मिनिट ओढायचं, किनाऱ्यावरची दोन ठिकाणं एका रेषेत धरून. रेषा सरकली तर नांगर सरकला. साखळीचा ताण विंडलासवर ठेवायचा नाही, हूकवाला नायलॉनचा दोर अडकवून क्लीटवर घ्यायचा.

हे सगळं मी एकदा अर्धवट केलं. मेगानिसीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका खाडीत संध्याकाळी वायव्येचा वारा पडला, पाणी आरशासारखं. गडद डागावर टाकलेला नांगर ‘चालतंय की’ म्हणून तसाच ठेवला. रात्री दोनला वारा दक्षिणेचा झाला. जाग आली ती आवाजाने नव्हे, तर दिशेने: वरच्या झडपेतून दिसणारे तारे भलतीकडेच सरकत होते. नाळेवर जाऊन साखळीवर तळहात ठेवला. धरलेल्या नांगराची साखळी ताणली जाते आणि सैल होते, शांतपणे. ही थरथरत होती, थांबून थांबून, खडबडीत रस्त्यावरून खाट ओढत न्यावी तशी. इंजिन, हेडटॉर्च, आणि विंडलासवर अर्ध्या झोपेतला मेव्हणा. वर आलेल्या नांगरावर बुट्टीभर गवत होतं. उरलेली रात्र आम्ही समोरच्या मोकळ्या पाण्यात येरझारा घालत काढली.

त्यानंतर फोनमधला नांगराचा अलार्म मी कधी विसरलेलो नाही. तळहाताची युक्ती मात्र त्याहून जुनी आणि भरवशाची.

एक चालेल असा मार्ग

लेफकादाहून निघताना कालव्याने दक्षिणेला या. उथळ कडांमुळे बोयांच्या मधूनच. पहिला दिवस छोटा: मेगानिसी. दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे कालामोस बेटावर पोर्ट लिओने, 1953 च्या भूकंपानंतर लोक सोडून गेलेलं गाव. चर्च तेवढं जपलेलं आहे, बाकी घरांत अंजिरं वाढलीत. दिवसा उतरून फिरावं, रात्री थांबायचं ते दक्षिणेचा वारा नसेल तरच. तिसऱ्या दिवशी इथाकावर कियोनी. चौथ्या दिवशी इथाकाच्या उत्तर टोकाला वळसा घालून फिस्कार्दो. त्याच भूकंपात केफालोनिया जवळपास सगळं कोसळलं, हे गाव मात्र वाचलं, म्हणून व्हेनिसच्या काळातली घरं इथेच बघायला मिळतात. पाचवा दिवस कोरा ठेवा. हवा चांगली असेल तर दक्षिणेला आयिया एफिमिया, नसेल तर जिथे आहात तिथेच पत्ते. सहाव्या दिवशी परतीच्या वाटेत लेफकादाच्या दक्षिणेचं सिवोता, डोंगरांच्या कुशीतलं. तिथून बोट-कंपनीचा तळ जवळ. बोट शनिवारी सकाळी द्यायची असते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तळावर असणं बहुतेक कंपन्यांची अटच असते.

लेफकादाच्या उत्तर टोकाचा तरंगता पूल ठरावीक वेळांनाच उघडतो. उत्तरेच्या पॅक्सोस बेटाकडे जायचं असेल तरच त्याच्याशी संबंध. सात दिवसांत आणि या ऋतूत मी तिकडे जात नाही: मधल्या उघड्या पाण्यात अडचण आली तर लपायला फारशा जागा नाहीत.

पोट आणि बाकीचं

तीन लिटरचा कुकर घरून घ्या. बोटीचा गॅस झुलता असतो, पण भांडी पसरट, आणि डोलत्या बोटीत उकळत्या पाण्याच्या उघड्या पातेल्याइतकं धोकादायक काही नाही. कुकरचं झाकण लागलं की खिचडी कुठे जात नाही. पोहे, मेतकूट, हिंग आणि आल्याची वडी आणा, ती उलटीवरही कामी येते. भाज्या, दही, डाळी इथे उत्तम मिळतात. शाकाहारी मंडळींनी खानावळीत गिगांतेस म्हणजे टोमॅटोतले मोठे पावटे, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरण आणि ब्रियाम म्हणजे भट्टीत भाजलेल्या भाज्या मागाव्यात. सीझनअखेर मेन्यूकार्डावरचं निम्मं नसतंच. ‘आज काय शिजलंय?’ हे विचारणं बरं.

पाण्याची टाकी 300-400 लिटरची. सहा जणांना जपून तीन दिवस. जिथे नळ दिसेल तिथे भरा, कारण पुढच्या गावातला नळ बंद झालेला असू शकतो. संडासात कागद टाकायचा नाही, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. संध्याकाळी कॉकपिटमध्ये गारठा जाणवतो, एक स्वेटर आणि खरोखरचा पावसाळी कोट हवाच. कोस्टगार्डचा नंबर 108, सर्वसाधारण आणीबाणीचा 112. दोन्ही कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा आणि ‘मेडे’, म्हणजे रेडिओवरची संकटाची हाक, कसं द्यायचं ते निदान दोघांना पाठ असू द्या.

शुक्रवारी परतताना डिझेलच्या पंपावर रांग असते, दुपारी दोनच्या आत पोचलात तर लहान. इंजिन तासाला साधारण तीन-चार लिटर पितं, तेव्हा सुरुवातीला आणि शेवटी इंजिनाचे तास लिहून ठेवा, म्हणजे पावतीचा आकडा पटतो का ते कळतं. शनिवारी सकाळी पाणबुड्या खाली जाऊन कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, आणि सुकाणू बघून येतो. तो वर येईपर्यंत डिपॉझिटच्या पावतीवर सही करू नका, आणि काही मोडलं असेल तर ते आधी तुम्हीच सांगा.